शिगाराकीचा उधारबहाद्दर

जपानमधल्या जुन्या दारूच्या दुकानाच्या किंवा सोबा-नूडल्सच्या खानावळीच्या दाराशी पुष्कळदा एक मातीचा प्राणी उभा असतो. मागच्या दोन पायांवर, माणसासारखा. डोक्यावरची गवती टोपी मागे घसरलेली. घरून निघताना ती नीट घातली असावी, पुढे वाटेत काय घडलं ते त्यालाच ठाऊक. एका हातात साकेची बाटली, दुसऱ्या हातात एक वही. पोट पुढे, छाती मागे, आणि चेहऱ्यावर सरकारी कचेरीत ओळख निघालेल्या माणसाचं हसू. पोटाखाली, जवळजवळ जमिनीला टेकलेली, एक भलीमोठी थैली. तिच्याबद्दल पुढे बोलावंच लागेल. न बोलता पुढे जावं अशा आकाराची ती नाही.

हा तानुकी. आणि बहुतेक वेळा तो शिगाराकी ह्या कुंभारगावचा असतो.

तानुकी हा खराखुरा प्राणी आहे, हे आधी सांगितलेलं बरं. इंग्रजीत त्याला रॅकून डॉग म्हणतात, त्यामुळे अर्ध्या जगाला तो रॅकून वाटतो. तो रॅकून नव्हे. जुन्या अनुवादकांनी त्याला बॅजर करून टाकलं. तो बॅजरही नव्हे. कुळानं तो लांडग्या-कोल्ह्यांतला, पण कुळाचं नाव काढण्याची त्याला घाई नाही. लांडगा शिकार करतो, कोल्हा लबाडी करतो, कुत्रा नोकरी करतो. तानुकी फळं, किडे, बेडूक, जे पुढ्यात येईल ते खातो, हिवाळ्याआधी गरगरीत होतो आणि थंड मुलखात तो हिवाळा बिळात झोपून काढतो. श्वानकुळात ही सोय दुसऱ्या कुणीही करून घेतलेली नाही. फार घाबरला तर निपचित पडतो. शिकारी मेला समजून बंदूक खाली ठेवतो, तोवर हा उठून पसार. झोपेचं सोंग घेणाऱ्याला जपानी लोक ‘तानुकीची झोप’ लागली म्हणतात, त्यामागे एवढा अनुभव आहे.

लोककथांत कोल्हा आणि तानुकी दोघेही रूप बदलतात. फरक कामाच्या दर्जात आहे. कोल्हा सुंदर स्त्री होऊन घराणीच्या घराणी धुळीला मिळवतो. तानुकीची झेप बहुधा फुकटच्या जेवणापलीकडे जात नाही. एका प्रसिद्ध कथेत तो चहाची किटली होतो. रूप हुबेहूब साधतं, फक्त किटली विस्तवावर ठेवतात हे त्याच्या ध्यानात आलेलं नसतं. बूड तापल्यावर किटलीला शेपूट फुटतं, पाय फुटतात आणि ती मठभर बोंबलत सुटते. तातेबायाशी गावच्या मोरिन-जी मंदिरात ती किटली म्हणून एक किटली जपून ठेवलेली आहे. देवळाच्या आवारात तानुकींच्या मूर्ती रांगेनं उभ्या आहेत, आणि त्यांतल्या एकालाही आपल्या पूर्वजाच्या फजितीची लाज वाटलेली दिसत नाही.

आता ती वही. ती साकेच्या दुकानातल्या उधारीच्या खात्याची. ह्या मूर्तीचं मूळ ध्यान म्हणजे साके आणायला पिटाळलेला पोऱ्या: पोऱ्याचं रूप घेऊन तानुकी बाटली पुढे करतो, दुकानदार भरून देतो आणि वहीत मांडतो. रोख दिलेच तर तेही बघून घ्यावे लागतात, कारण रात्री गल्ला उघडला की नाण्यांच्या जागी झाडाची पानं निघतात. उधारीचं पोतं सव्वा हात रितं, ही म्हण त्या दुकानदाराला कुणी शिकवायला नको.

नेमका हा इसम दुकानदारांनी दाराशी शुभचिन्ह म्हणून उभा करावा, ही त्या देशाची कमाल आहे. जपानी दुकानातलं दुसरं मातीचं जनावर म्हणजे पंजा हलवून बोलावणारं मांजर. ते टोकोनामे आणि सेतो ह्या कुंभारगावांचं. त्याचं काम समजतं: ते गिऱ्हाईक बोलावतं. तानुकी म्हणजे त्याच्या बोलावण्यावरून जो येतो तो.

न्यायासाठी एवढं सांगायला हवं की उलटा व्यवहारही नोंदलेला आहे. सादो बेटावर दानझाबुरो नावाचा तानुकींचा सरदार होता म्हणतात. तो अडल्यानडल्या माणसांना पैसे उसने देई. रक्कम, परतफेडीची तारीख आणि आपलं नाव चिठ्ठीवर लिहून शिक्का मारायचा, चिठ्ठी त्याच्या बिळाशी ठेवायची, दुसऱ्या दिवशी पैसे हजर. चिठ्ठी रीतसर होती, शिक्का होता, सगळं होतं. पुढे माणसांनीच पैसे बुडवायला सुरुवात केली आणि दानझाबुरोनं धंदा बंद केला. सादो हे सोन्याच्या खाणींचं बेट, तेव्हा भांडवलाचा प्रश्न नव्हता. प्रश्न वसुलीचा होता.

शिगाराकी गाव शिगा प्रांतातल्या डोंगरांत आहे आणि आज कोका शहरात मोडतं. कोकाची दुसरी ख्याती निंजांची. म्हणजे कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून जन्म वेचणारे, आणि नजरेतून सुटूच नये अशा बेतानं घडवलेला प्राणी, दोघे एकाच नगरपालिकेच्या हद्दीत येतात.

गावाचा इतिहास मात्र थट्टेवारी नेण्यासारखा नाही. आठव्या शतकात सम्राट शोमूनं इथे राजवाडा बांधला आणि 743 मध्ये बुद्धाची प्रचंड मूर्ती घडवण्याचा संकल्प सोडून इथेच कामाला हात घातला. मग डोंगरांत वणवे लागले, धरणीकंप झाले, आणि 745 मध्ये दरबारानं गाशा गुंडाळून नाराची वाट धरली. बुद्धही तिकडेच उभा राहिला, 752 मध्ये त्याचे डोळे उघडण्याचा सोहळा झाला, आणि आजही जगभरचे प्रवासी त्याच्यापुढे माना वर करून उभे असतात. शिगाराकीला मूर्तीसाठी आणखी बाराशे वर्षं थांबावं लागलं. मिळाली ती ही अशी.

मधल्या काळात गाव रिकामं बसलं नव्हतं. बिवा सरोवर एके काळी ह्याच भागात पसरलेलं होतं. ते उत्तरेला सरकत गेलं आणि मागे सुमारे 40 लाख वर्षांचा गाळ ठेवून गेलं. तीच इथली माती. भरड, खडे मिसळलेली, भट्टीत तापली की अंगावर पांढरे दाणे फुटणारी, आणि मोठाली भांडी न ढासळता पेलणारी. शेतकऱ्यांनी तिचे बियाण्याचे रांजण केले. जपानच्या ज्या सहा जुन्या भट्ट्यांचं नाव घेतात, त्यांत सेतो, टोकोनामे, एचिझेन, तांबा आणि बिझेन ह्यांच्याबरोबर शिगाराकी आहे.

पुढे चहाची उपासना करणाऱ्यांची नजर ह्या रांजणांवर गेली. कणगीशेजारी पडलेलं ओबडधोबड भांडं एकाएकी चहाघरात मानानं बसलं. त्याच्या वाकडेपणात वैराग्य दिसू लागलं, तड्यात तत्त्वज्ञान. पंधराव्या शतकातला चहागुरू मुराता जुको ह्यानं एका शिष्याला लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. कालपरवा चहा शिकू लागलेले लोक बिझेन आणि शिगाराकीची भांडी मिरवत परिपक्वतेचा आव आणतात, असा त्यातला त्याचा वैताग आहे. पाचशे वर्षांपूर्वीही साधेपणाचा दिखावा करायला शिगाराकीची माती लागत होती, ही गावाला एक प्रकारची पावतीच.

पण वैराग्यावर गावाचं पोट भरत नाही. गाव जगलं ते हिबाचींवर. हिबाची म्हणजे राखेत निखारे ठेवून हात शेकायची मोठी कुंडी. शिगाराकीच्या हिबाचीवर निळ्या-पांढऱ्या ओघळांची एक झिलई असे, समुद्रकाकडीच्या पाठीसारखी दिसते म्हणून तिचं नावच पाडलेलं. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काही वर्षांत देशातल्या दर दहा हिबाचींपैकी आठेक ह्या एका गावच्या होत्या. मग घरोघर रॉकेलचे आणि गॅसचे स्टोव्ह आले, वीज आली, आणि निखाऱ्यांची गरज सरली. कुंभारांनी हिबाचीच्या बुडाला भोक पाडलं आणि झाडाची कुंडी म्हणून विकायला काढली. हा विनोद नाही. पुढे कुंड्या आणि इमारतींच्या फरशा हे गावचे मोठे धंदे झाले. ओसाकाच्या 1970 च्या जागतिक प्रदर्शनासाठी तारो ओकामोतोनं उभारलेल्या सूर्यमनोऱ्याच्या पाठीवर जो काळा सूर्य आहे, त्याच्या फरशा शिगाराकीच्याच.

तानुकीची मूर्ती ह्या पसाऱ्यात उशिरा आली. मातीचे छोटे तानुकी आधीही होत होते, क्योतोकडे आणि इतरत्रही. पण टोपी-बाटली-वही ह्या थाटातला, दाराशी उभा राहणारा तानुकी लोकांच्या मनात बसवला तो फुजिवारा तेत्सुझो ह्या कुंभारानं. त्याचा जन्म 1876 चा. लहानपणी एका चांदण्या रात्री तानुकी पोट बडवून ढोल वाजवताना आपण पाहिले, असं तो सांगे. अशा गोष्टी पाहिलेली मुलं मोठेपणी एक तर गप्प बसतात किंवा कवी होतात. तेत्सुझोनं माती मळायला घेतली. 1935 च्या सुमारास, म्हणजे इतर माणसं निवृत्तीचा विचार करतात त्या वयात, तो शिगाराकीत येऊन राहिला आणि आपल्या कामाच्या जागेला तानुकीचीच कुटी असं नाव दिलं. 1966 मध्ये वारला तोवर तो जवळजवळ तेवढंच करत राहिला. पोटावर थाप मारणारे तानुकी ही त्या काळात जपानभर माहीत असलेली कल्पना होती. 1920 च्या दशकात शोजो-जी मंदिराच्या अंगणात ढोल पिटणाऱ्या तानुकींवर एक बालगीत झालं. 1946 मध्ये, अमेरिकन सैन्य देशात बसलेलं असताना, जपानी रेडिओवर इंग्रजी संभाषणाचे धडे सुरू झाले, त्यांची सुरावट ह्याच गाण्याची. पराभूत राष्ट्रानं जेत्याची भाषा शिकायला घेतली ती तानुकीच्या चालीवर.

तानुकीचं नशीब मात्र 1951 च्या नोव्हेंबरात उघडलं.

सम्राट हिरोहितो तेव्हा देशभर फिरत होता. 1946 च्या पहिल्याच दिवशी आपण देव नसल्याचं त्यानं जाहीर केलं होतं, आणि माणूस झाल्यावर करायच्या कामांत लोकांना भेटणं हे एक काम होतं. सवय नसल्यानं बोलणं जमेना. कारखान्यात, शाळेत, शेतावर, कुणी काहीही सांगितलं तरी ‘अ, सो’, म्हणजे ‘अस्सं का’, एवढंच उत्तर मिळे, आणि ते दोन शब्द देशभर गाजले. ह्या सम्राटाची स्वारी शिगाराकीत येणार असं कळलं. स्वागताला काय करायचं? गावापाशी माणसं मोजकी आणि तानुकी मुबलक. गावकऱ्यांनी रस्त्याच्या कडेनं तानुकींची रांग लावली आणि प्रत्येकाच्या हातात सूर्यबिंबाचा छोटा राष्ट्रध्वज दिला.

हा प्रसंग जरा सावकाश पाहावा. देश अजून परक्या सैन्याच्या ताब्यात. शांततेच्या तहावर सप्टेंबरमध्ये सह्या झालेल्या, पण तो अमलात यायला 1952 चा एप्रिल उजाडायचा होता. हा ध्वज मोकळेपणी फडकवायची मुभा मिळूनही पुरती तीन वर्षं झालेली नव्हती. आणि गाडीतून उतरणारा माणूस कोण, तर समुद्रातल्या जलीयक प्राण्यांचा, हायड्रोझोआंचा, अभ्यासक. सूक्ष्मदर्शकाखाली केसाएवढे जीव ओळखणारा, त्यांवर पुस्तकं लिहिणारा काटेकोर जीवशास्त्रज्ञ. त्याच्यासमोर ओळीनं उभे पोट सुटलेले, दारू घेतलेले, उधारीत बुडालेले, शरीरशास्त्राला धाब्यावर बसवलेले प्राणी देशभक्तीनं झेंडे घेऊन हसत आहेत. राजशिष्टाचार खात्यातल्या कुणाला त्या रात्री झोप कशी लागली असेल, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

सम्राट खूश झाला. ‘अ, सो’वर भागवलं नाही, चक्क कविता केली. लहानपणी असे तानुकी आपण जमवत होतो, शिगाराकीचे तानुकी पाहून ते दिवस आठवले, असा तिचा आशय. वर्तमानपत्रांनी बातमी छापली, आणि ज्या प्राण्याला उभ्या जन्मात कुणी उसनं देताना दोनदा विचार करावा, त्याला राजमान्यता मिळाली. देशभरातून मागणी सुरू झाली.

राजमान्यता मिळाल्यावर धार्मिक अर्थ चिकटणं ओघानंच आलं. ह्याच काळात तानुकीच्या आठ अंगांचे आठ शुभ अर्थ सांगणारी यादी रूढ झाली आणि आजही ती मूर्तीसोबत छापून मिळते. टोपी: अवचित संकटापासून रक्षण. मोठे डोळे: चौफेर लक्ष. हसू: गोडीगुलाबीचा व्यवहार. बाटली: अन्नपाण्याची ददात नाही. वही म्हणजे, जरा दम धरावा, विश्वासार्हता. पोट: स्थिर चित्त आणि धाडस. जाड शेपूट: हाती घेतलेलं काम शेवटपर्यंत नेणं, हा गुण हिवाळाभर झोपणाऱ्या प्राण्याकडे आहे हे वाचून बरं वाटतं. थैली: धनवृद्धी. यादी करणाऱ्याचं कौतुक अशासाठी की त्यानं मूर्तीतला एकही दुर्गुण झाकला नाही. जागच्या जागी त्याची नावं बदलली.

थैलीपाशी आलोच आहोत. ती अर्थातच थैली नाही, वृषण आहे. खऱ्या तानुकीचं ह्या बाबतीत काहीही दांडगं नसतं, हे जीवशास्त्र सांगून थकलं. मग हे आलं कुठून? सर्वांत जास्त सांगितली जाणारी हकीकत कानाझावाच्या सोनारांची आहे. सोन्याचा वर्ख करायचा तर सोन्याचा गोळा चिवट कातड्यात गुंडाळून ठोकायचा, आणि तानुकीचं कातडं असं चिवट की चिमूटभर सोनं आठ तातामी चटया अंथरतील एवढं पसरतं, अशी त्याची ख्याती. आता सोन्याचा छोटा गोळा आणि प्रस्तुत अवयव ह्यांचं बोलीतलं नाव जपानीत एकच. पुढचं काम लोकांच्या जिभेनं केलं. सोन्याचा पसारा अवयवाच्या नावावर चढला, आणि आठ चटयांचं माप कायम राहिलं.

1840 च्या दशकात चित्रकार उतागावा कुनियोशीनं ह्या मापाचा पुरेपूर फायदा घेतला. सरकारनं नटांची आणि गणिकांची चित्रं छापायला बंदी घातली होती, त्यामुळे चित्रकारांचा मोर्चा जनावरांकडे वळला होता. कुनियोशीच्या ठशांत तानुकी आपली ठेव डोक्यावर ओढून पावसापासून बचाव करतात, नदीत ती जाळ्यासारखी टाकून मासे पकडतात, दुकानावर पाटी म्हणून टांगतात. सगळे जण गंभीर चेहऱ्यानं, जणू पिढ्यानपिढ्यांचा हा व्यवसाय आहे. दीडशे वर्षांनी, 1994 मध्ये, इसाओ ताकाहातानं ‘पोम पोको’ हा ॲनिमेशनपट काढला. तोक्योजवळच्या तामा टेकड्या नव्या वसाहतीसाठी सपाट होत असतात आणि तिथले तानुकी ह्याच आयुधानिशी बुलडोझरांशी लढतात. कुणी त्याचं पॅराशूट करून उतरतं. चित्रपट जपाननं ऑस्करसाठी पाठवला होता. इंग्रजी आवाज भरताना अमेरिकनांनी त्या अवयवाला ‘पाऊच’ म्हणून वेळ मारून नेली. तेवढ्यापुरता तानुकी कांगारूंचा भाऊबंद झाला.

एखादा जुना, वीतभर उंचीचा तानुकी हातात आला तर जाणकार आधी त्याला उलटा करतो. सेतोच्या कारखान्यांतून परदेशी गेलेल्या चिनी मातीच्या कुत्र्यामांजरांच्या बुडाशी 1947 ते 1952 मध्ये ‘ताब्यातल्या जपानमध्ये बनवलेलं’ अशा अर्थाचा इंग्रजी शिक्का पुष्कळदा असतो, आणि अमेरिकेत नुसत्या त्या शिक्क्यासाठी माल जमवणारे आहेत. तानुकीच्या बुडाशी असं काही मिळणं कठीण. तो बहुतेक घरच्यांसाठीच केलेला. बूड उघडं असतं आणि आत नुसती पोकळी. बोट घालून फिरवलं की कुंभाराच्या अंगठ्याचे ठसे लागतात, शेजारी शेजारी, पोटाकडे वळत गेलेले. कारण मूर्ती भरीव नसते: प्लास्टरच्या साच्याच्या अर्ध्या-अर्ध्या भागांत माती आतून दाबून बसवतात, भाग जुळवतात, मग टोपी, बाटली, शेपूट पातळ चिखलानं चिकटवतात. डोळे, मिशा आणि अंगावरचे केस ओल्या मातीत हातानं कोरलेले. पोटाला झिलई देत नाहीत, त्यामुळे तिथे माती आपल्या मूळ भरड रंगात राहते आणि पाठ तपकिरी-काळी. सुकताना आणि भाजताना अख्खा तानुकी आक्रसतो. पोट मोठं हवं असेल तर साच्यात त्याहून मोठं धरावं लागतं. घाईनं सुकवला तर जोडाशी तडा जातो, आणि जोड कुठे कुठे आहेत हे पाहिलं की कुंभाराला कशाची धास्ती असेल ते कळतं.

चेहऱ्यावरूनही वय ओळखतात. जुने तानुकी तोंडानं निमुळते, रानटी, नजरेत थोडी दहशत असलेले. पुढे पुढे गाल फुगत गेले, डोळे गोल झाले, आणि आता बाजारात जे मिळतात ते खेळण्याच्या दुकानातून आल्यासारखे. मुठीत मावणाऱ्यापासून माणसाहून उंच असलेल्यापर्यंत सगळे आकार निघतात. गोल्फ खेळणारे निघतात, बायको शेजारी घेऊन उभे असलेले निघतात. शेजारच्या फळीवर घुबडं आणि बेडूक असतात, तेही शुभच, पण त्यांच्यावर कुणाची उधारी नसल्यानं त्यांच्याकडे पाहून कुणी थांबत नाही.

गावच्या रेल्वे स्टेशनबाहेर पाच मीटरहून उंच तानुकी उभा आहे आणि त्याच्यात सार्वजनिक टेलिफोनची सोय केलेली आहे. डिसेंबर आला की त्याला सांताक्लॉजचा लाल पोशाख चढवतात. शिंप्याला टोपी शिवावी लागते, झगा शिवावा लागतो, दाढी लावावी लागते. पोतडीचा खर्च तेवढा वाचतो.